लिथुआनियाचे युनुसभाई

युनुसभाई मुसलमान नाहीत, ही गोष्ट सौदीतल्या आमच्या कॅम्पला मक्केच्या बसमुळे कळली. तोवर ते आमच्यात चांगलेच मुरले होते. ईदला शिरखुर्म्याचं पातेलं त्यांच्या क्वार्टरवर जायचं आणि परत येताना धुऊनपुसून, आत दोन सफरचंदं घालून यायचं. भांडं रिकामं परत करायचं नाही हे त्यांना कोणी शिकवलं होतं देव जाणे. दाभोळचे हसनचाचा दर हिवाळ्यात कॅम्पातल्या मंडळींना उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, न्यायला बस ठरवायचे. त्या वर्षी त्यांनी युनुसभाईंनाही विचारलं, "मक्केला येणार ना?" युनुसभाई खुशीत "येणार" म्हणाले. त्यांना वाटलं, सहल आहे.

निघायच्या आदल्या दिवशी हसनचाचांनी सगळ्यांचे इकामे गोळा केले. इकामा म्हणजे सौदीत राहायचा परवाना. तेव्हा मुसलमानांचा हिरवा असायचा आणि बाकीच्यांचा तपकिरी. युनुसभाईंनी खिशातून काढून दिला तो तपकिरी. हसनचाचांनी तो उलटसुलट करून पाहिला, मग युनुसभाईंना डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं.

"नाव युनुस आणि इकामा तपकिरी? ही काय भानगड हाय?"

भानगड अशी की त्यांचं नाव जोनास. त्यांच्या भाषेत इंग्रजी 'जे' अक्षराचा उच्चार 'य' होतो, म्हणून ते स्वतःला 'योनास' म्हणवत. आमच्या रत्नागिरी-रायगडच्या लोकांनी पहिल्याच दिवशी ते 'युनुस' असं ऐकलं आणि विषय मिटला. एवढ्या उंच, गोऱ्यापान इंजिनियरचं नाव युनुस कसं, असा प्रश्न कोणालाच पडला नाही. उलट दर्याकाठच्या माणसांना युनुस पैगंबर फार जवळचे, माशाच्या पोटातून जिवंत परत आलेले. आता युनुसभाईंनी खुलासा केला की त्यांचं नाव येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या जॉनवरून ठेवलंय. हसनचाचांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुम्ही युनुस नाय, याह्या! त्या जॉनला आमच्यात याह्या म्हणतात. अहो, मक्केत दुसऱ्या धर्माचा माणूस चालत नाय, नाक्यावर पकडले असते तर माझं दाभोळचं तिकीट निघालं असतं की, एका बाजूचं!"

थोडा वेळ ते गाल फुगवून बसले. मग म्हणाले, "पण याह्याभाई काय तोंडात बसत नाय. युनुसभाईच राहू दे."

हे सगळं रास तनुराला, रिफायनरीच्या कामगारांच्या कॅम्पात. मी मोरे, देवरुखचा, कॅम्पच्या ऑफिसात टाइमकीपर. युनुसभाई कंत्राटदार कंपनीत पाइपांच्या वेल्डिंगची तपासणी करणारे इंजिनियर. त्यांचं राहणं साहेब लोकांच्या वसाहतीत होतं, पण शुक्रवार उजाडला की ते आमच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर हजर. मला ते 'मोर' म्हणायचे. मी दोन-तीनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. त्यांचं हिंदी आमच्याकडून उचललेलं होतं आणि इंग्रजी शिकागोचं, आणि दोन्ही मिसळून ते काय बोलत ते समजायला सवय लागायची. इथे मी ते सरळ मराठीत देतोय.

हा माणूस नक्की कुठला, हे मला त्या काळात कधीच नीट कळलं नाही. पासपोर्ट अमेरिकेचा. जन्म लिथुआनियाचा. मेसच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता, त्यात आम्ही लिथुआनिया शोधला तर सापडेना, तिथे सगळीकडे रशियाचा एकच गुलाबी रंग. मग युनुसभाईंनी बॉलपेनने त्या गुलाबी रंगात शेंगदाण्याएवढी एक रेघ मारली आणि म्हणाले, "हा." मुरुडचा वेल्डर रज्जाक म्हणाला, "एवढासा? आमचा तालुका मोठा असंल." युनुसभाई मनापासून हसले, पण पेन खिशात ठेवायच्या आधी ती रेघ त्यांनी पुन्हा एकदा गिरवली. दुसऱ्या महायुद्धात लहान असताना आईने त्यांना आणि बहिणीला घेऊन देश सोडला होता. वडील आणि थोरला भाऊ मागे राहिले ते राहिलेच. वडील शाळेत खेळाचे मास्तर होते. युनुसभाईंच्या लेखी जगात तीच नोकरी खरी, बाकी सगळे पोटापाण्याचे उद्योग.

विचार करताना ते उजव्या कानाची पाळी धरायचे. आता आपल्याकडे कान धरणं म्हणजे माफी मागणं. त्यामुळे पहिले काही महिने सगळ्यांचा समज असा की हा साहेब फार नम्र आहे, दर पाच मिनिटांनी माफी मागतो. एकदा एका फोरमनने त्यांच्याशी हुज्जत घातली, तेव्हा हे कान धरून विचार करत उभे राहिले. फोरमनला एवढं लाजल्यासारखं झालं की त्यानेच माघार घेतली. युनुसभाईंना काय झालं ते शेवटपर्यंत समजलं नाही.

त्यांचा खरा खेळ बास्केटबॉल. त्यांच्या देशात म्हणे पाळण्यातल्या पोराच्या हातात आधी चेंडू देतात. पण आमच्याकडे ना तो चेंडू, ना ती जाळी. शिवाय शेजारच्या कॅम्पातले मल्याळी व्हॉलीबॉलवर जीव टाकणारे. मग त्यांनी व्हॉलीबॉलची शिट्टी गळ्यात अडकवली, बुटाच्या नाडीला बांधून. शिट्टी वाजवली की लगेच "सॉरी" म्हणायचे, जणू आमची झोपमोड केली. पण निर्णय द्यायचा झाला की हा माणूस वेगळाच. चेंडू बोटाला चाटून बाहेर गेला असा संशय आला की ते शिट्टी वाजवत नसत. खेळाडूकडे बघून विचारत, "लागला?" बस्स. आणि तो जे सांगेल ते मान्य. आधी सगळे 'नाय' म्हणायचे. ते मान डोलावून गुण देऊन टाकायचे. पण तोंडावर असा विश्वास ठेवला की खोटं बोलणाराच हैराण होतो. हळूहळू पोरं न विचारता हात वर करायला लागली, आणि आमचा संघ हरायला लागला.

"हे काय चाललंय?" मी एकदा वैतागून म्हणालो. "मल्याळ्यांना गुण वाटायला बसलोय का आपण?"

ते म्हणाले, "मोर, लहान देशाकडे काय असतं? सैन्य नाही, तेल नाही. तो कसा खेळतो एवढंच लोक बघतात." मी म्हणालो की आपण देश नाही, कॅम्प आहोत. त्यांनी कान धरला आणि म्हणाले, "कॅम्प तर आणखी लहान."



आमच्याकडून त्यांनी एकच मराठी शब्द पक्का उचलला. झालं असं की रज्जाक, म्हणजे आमचा सगळ्यात दांडगा स्मॅश मारणारा, एकदा मल्याळ्यांवर ओरडला, "रडी! रडीचा डाव खेळताय!" युनुसभाईंनी खेळ थांबवून मला अर्थ विचारला. मी सांगितलं, हरायला लागलं की नियम बदलणारा, आउट असून नाही म्हणणारा, तो रडी. त्यांचा चेहरा उजळला. "आमच्या भाषेत यासाठी अख्खं वाक्य लागतं," म्हणाले. त्या दिवसापासून मेसमधली पाणचट डाळ रडी, ओव्हरटाइम कापणारा सुपरवायझर रडी, आणि त्यांच्या देशाला नकाशावरून पुसून टाकणारा रशिया 'बडा रडी'. शब्द ते भलत्या जागी वापरायचे, पण चुकायचे असंही म्हणता येत नाही.

शिकागोत त्यांच्या देशातून परागंदा झालेल्या लोकांचं एक वर्तमानपत्र निघायचं. त्यात ते खिलाडूपणावर लेख लिहीत. त्यांच्या लोकांनी तिकडे मायदेशात आपली स्वतःची ऑलिम्पिक समिती पुन्हा उभी करायला घेतली होती, पण तिला अजून कोणी मानत नव्हतं. आपला देश एक दिवस आपल्या नावाने, आपल्या झेंड्याखाली मैदानात उतरेल, आणि उतरेल तेव्हा स्वच्छ खेळेल, एवढी एकच गोष्ट हा माणूस उराशी धरून होता. मला ते थोडं बालिश वाटायचं. पोटासाठी वाळवंटात आलेल्या माणसांना झेंड्याचं काय एवढं? पण त्यांच्यासमोर तसं म्हणवत नसे.

त्या वर्षी त्यांनी तीन कॅम्पांची स्पर्धा भरवली आणि ऑलिम्पिकसारखी शपथ हवीच असा हट्ट धरला. शपथ त्यांनी इंग्रजीत लिहिली, मी मराठीत केली. पंचांनी पाहिलं नाही तरी माझी चूक मी सांगेन, समोरच्याला शिवी देणार नाही, हरलो तर हात मिळवूनच मैदान सोडेन, अशी ती साधी होती. पण ऐन वेळी हसनचाचा आडवे आले. "शपथ अल्लाची. व्हॉलीबॉलची नाय घ्यायची." युनुसभाई गोंधळले. मग हसनचाचांनीच तोड काढली. शपथ नको, कबुली देऊ. प्रत्येक वाक्यानंतर विचारायचं, "कबूल?" आणि पोरांनी म्हणायचं, "कबूल."

सगळा संघ पांढऱ्या बनियनमध्ये ओळीने उभा. युनुसभाईंनी गंभीरपणे पहिलं वाक्य वाचलं, "कबूल?" रज्जाक म्हणाला, "कबूल है." दुसऱ्याला पोरं गालात हसायला लागली. तिसऱ्या "कबूल है"ला मागून कोणीतरी मूठभर खजूर उधळला आणि एकच गिल्ला झाला, "निकाह झाला! मुबारक!" युनुसभाईंना वाटलं, ही आमची मैदानावरची जुनी रीत असणार. त्यांनी वाकून एक खजूर उचलला, पुसला आणि भक्तिभावाने खाल्ला. नंतर कितीतरी दिवस रज्जाकला सगळे नवरदेव म्हणून हाक मारत होते.

आता तोमासबद्दल सांगायला हवं, कारण युनुसभाईंचा जीव तिथे अडकला होता. तोमास म्हणजे मागे राहिलेल्या थोरल्या भावाचा मुलगा. वीस-एकवीस वर्षांचा, बास्केटबॉलमध्ये असा की मॉस्कोने त्याला रशियाच्या संघाच्या सरावाला बोलावलं होतं. गेला असता तर ऑलिम्पिक जवळजवळ नक्की. पण त्यांच्या देशाने नुकतंच स्वतःला स्वतंत्र म्हणून जाहीर केलेलं. तिथले खेळाडू एकामागून एक रशियाच्या संघातून बाहेर पडत होते. राहिला तर घरचे लोक काय म्हणतील? सोडला तर खेळायचं कुठे, ज्या देशाला जग देशच मानत नाही त्याच्याकडून? तोमासने शिकागोच्या आत्यामार्फत काकाला विचारलं, काय करू?

"मी सांगितलं, जाऊ नकोस," युनुसभाई मला कँटीनमध्ये चहा पिताना म्हणाले. "दुसऱ्याचा शर्ट घालून जिंकणं म्हणजे रडी. आपल्या नावाने खेळायला मिळेपर्यंत थांब." सांगताना ते ताठ बसले होते. मी म्हणालो, पण मिळालंच नाही तर? त्यांचा हात कानाकडे गेला आणि चहा निवून गेला.

त्यानंतर इराकने कुवेत घेतलं आणि आमचं सगळंच तारतम्य सुटलं. कुवेतातून पळालेली आपली माणसं अंगावरच्या कपड्यानिशी निघालीत, असं ऐकू यायचं. मुसलमान मुसलमानावर चालून गेला, त्याला हाकलायला अमेरिकन आले, आणि ते उतरले मक्का-मदिनेच्या देशात. यात कोणाची बाजू घ्यायची, यावरून मेसमध्ये रोज भांडणं होत आणि सकाळी भांडणारेच आपापली बाजू बदलून बसलेले असत. साहेब लोकांनी बायकामुलं मायदेशी पाठवली. हसनचाचांचा भाऊ जेद्दाला, शराफिया भागातल्या कपड्याच्या दुकानात होता. तो फोनवर फोन करायचा, "इकडं ये, तिथं तेलाच्या टाकीवर बसून काय मरायचंय?" पण कफीलाच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या सौदी मालकाच्या, परवानगीशिवाय हलता येत नव्हतं, आणि कफील स्वतःच आधी जेद्दाला जाऊन बसला होता. युनुसभाईंना मात्र जाता येत होतं. ते गेले नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "अर्धी स्पर्धा झाली आहे." मला ते खरं वाटलं नाही, आणि दुसरं काही कारण सुचलंही नाही.

गॅसचे मुखवटे वाटले तेव्हा नवीनच पेच पडला. दाढी असली की मुखवटा गालाला घट्ट बसत नाही. हसनचाचांची दाढी छातीपर्यंत. "ही कबरीत बरोबर येणार," म्हणाले, आणि मुखवटा खुंटीला टांगून ठेवला. दुसऱ्या दिवशी युनुसभाई व्हॅसलीनचा डबा घेऊन आले, हसनचाचांना खुर्चीत बसवलं आणि मुखवट्याची कड बसते तिथे दाढीत बोटाने व्हॅसलीन चोपडायला लागले. हसनचाचा डोळे मिटून बसले. "युनुसभाई, माझ्या सख्ख्या पोरानं एवढी सेवा नाय केली," असं ते मुखवट्यातून म्हणाले, आणि आम्हाला नुसतं घूं घूं ऐकू आलं. पुढे सायरन वाजला की सगळे आपला मुखवटा शोधायच्या आधी व्हॅसलीनचा डबा शोधत.

बॉम्बहल्ले सुरू व्हायच्या काही दिवस आधीची गोष्ट. युनुसभाई दुपारी कामाचे बूट घालूनच माझ्या ऑफिसात आले. हे त्यांच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. "रशियाचे रणगाडे आमच्या राजधानीत शिरले," म्हणाले. लोक हात धरून टीव्हीच्या मनोऱ्याभोवती उभे होते आणि रणगाडे त्यांच्यावर गेले. बहीण शिकागोहून एवढंच सांगू शकली होती. तोमास त्या गर्दीत होता, इतकं कळलं होतं. पुढचं काही नाही.

"मी थांब म्हणालो म्हणून तो तिथे होता," युनुसभाई म्हणाले. "मॉस्कोत असता तर या घटकेला कुठल्यातरी जिममध्ये उड्या मारत असता."

अख्खा कॅम्प रेडिओला कान लावून बसला. पण जगाला तेव्हा फक्त बगदाद दिसत होतं. उर्दू बातम्या, हिंदी बातम्या, मल्याळम बातम्या, सगळीकडे आमचंच युद्ध. ज्यांना आदल्या महिन्यापर्यंत तो देश पृथ्वीवर आहे हे ठाऊक नव्हतं ते वेल्डर आणि वजनं चढवणारे रिगर सुई फिरवत तेवढा एक शब्द शोधत होते. एका सकाळी हसनचाचा धापा टाकत आले, "आलं, बातम्यांत आलं! सगळं शांत हाय म्हणतात!" नीट चौकशी केली तर ते लिबिया निघालं. युनुसभाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात धरले आणि "शुक्रिया" म्हणाले. मला रडू आलं. कोणासाठी ते विचारू नका, मला सांगता येणार नाही.

मग शिकागोला फोन लागला. तोमास जिवंत होता. डाव्या पायाचा गुडघ्याखाली चुराडा झाला होता. पाय राहील, पण पुन्हा खेळणं नाही. बहिणीने आणखी एक सांगितलं, की तो काकाचं नाव काढत नाही. काही निरोप आहे का विचारलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.

त्या दिवसापासून शिट्टी युनुसभाईंच्या खिशात गेली. मैदानावर येत आणि नुसते कडेला बसत. युद्ध संपलं, तरी कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आमच्यावर येत होता. भर दुपारी गाड्यांचे दिवे लागायचे आणि वाळत घातलेल्या शर्टांवर काळे ठिपके पडायचे. किनाऱ्यावर तेलाचा तवंग आलेला. हसनचाचा रोज तिथे जाऊन उभे राहायचे आणि परत येऊन जेवायचे नाहीत. अशा दिवसांत रमजानच्या आधी अंतिम सामना उरकायचा ठरला, आमचा आणि मल्याळ्यांचा. युनुसभाई पंच व्हायला तयार होईनात. "मी कोणाला काय सांगू?" एवढंच म्हणत. शेवटी हसनचाचांनी त्यांच्या खिशात हात घालून शिट्टी काढली आणि त्यांच्या गळ्यात घातली. "डाव तुम्ही मांडलाय. तुम्हीच संपवा. उगाच रडी खेळू नका."

शेवटच्या सेटचा शेवट आला. मल्याळ्यांना एक गुण हवा होता, आम्हाला बरोबरीसाठी एक. त्यांच्या माणसाने स्मॅश मारला, रज्जाक अडवायला उडाला आणि चेंडू रेषेच्या बाहेर पडला. रज्जाकच्या बोटाला लागला की नाही, कोणालाच दिसलं नाही. युनुसभाईंनी शिट्टी वाजवून गुण आम्हाला दिला. आम्ही ओरडलो. पण रज्जाक जाळीपाशी तसाच उभा, युनुसभाईंकडे बघत. तो वाट बघत होता की ते विचारतील, "लागला?" युनुसभाईंनी विचारलं नाही. ते खाली, स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. खरंच सांगतो, तेव्हा माझ्या मनात एकच होतं, गप्प बस रज्जाक. रज्जाकने कडू औषध गिळल्यासारखं तोंड केलं आणि हात वर केला. सामना संपला. मल्याळी नाचत त्याच्याकडेच धावले आणि त्यालाच खांद्यावर घेतलं, तर हा वरून ओरडतोय, "खलास! युनुसभाई, तुमच्यापायी कप गेला! ह्यांना कप, मला ठेंगा!"

तो थट्टेत ओरडला होता. पण युनुसभाईंचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बघ मोर. माझं जो ऐकतो त्याचं काहीतरी जातं." मी म्हणालो, अहो, कप पत्र्याचा आहे. ते म्हणाले, "पाय पत्र्याचा नव्हता." त्यांचं चुकलं का? चुकलं नाही असं म्हणावं तर त्या पोराचा पाय. चुकलं म्हणावं तर मग रज्जाकचा हात वर जाताना माझी छाती भरून का आली? मला तेव्हाही याची जुळणी करता आली नाही.

ईद झाली. नंतरच्या एका शुक्रवारी दुपारी ऑफिसातला फोन वाजला. शिकागोहून बाई बोलत होत्या, योनासला बोलवा. शुक्रवारी भाऊ कुठे सापडतो हे बहिणीला माहीत होतं. मी मैदानावरून युनुसभाईंना ओढत आणलं. मागोमाग हसनचाचा आणि रज्जाक दारात येऊन उभे राहिले. तोमासला पायाच्या शस्त्रक्रियेसाठी शिकागोला आणलं होतं, आणि आता फोनवर तो स्वतः होता.

युनुसभाई उभ्यानेच बोलले. भाषा त्यांची, आम्हाला एक अक्षर कळेना. मग त्यांनी काहीतरी एक छोटंसं विचारलं, आणि ते काय असेल हे आम्हा तिघांनाही भाषेशिवाय समजलं. पलीकडून उत्तर लांबलचक आलं. ऐकता ऐकता ते खुर्चीत बसले. फोन ठेवल्यावर आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बातमी चांगली की वाईट तेच कळेना.

"काय म्हणाला?" हसनचाचांनी विचारलं.

"म्हणाला, मी तुझ्यामुळे थांबलो नाही. तुला विचारलं त्याच्या आठवडाभर आधीच मॉस्कोला नकार कळवून टाकला होता."

"मग तुम्हाला इचारलं कशाला?"

"तेच मी विचारलं. म्हणाला, तू काका आहेस ना, विचारायला नको का?" युनुसभाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "मग मी इतके महिने... त्याला वाटत होतं मी त्याच्यावर रागावलो असेन, आधी ठरवून मग विचारलं म्हणून. म्हणून बोलत नव्हता. मला कळत नाही. हा काय प्रकार आहे? मग मी यात कोण?"

हसनचाचा हसायला लागले. दाढी हलेपर्यंत हसले आणि डोळे पुसले. "अहो, ह्यात न कळण्यासारखं काय हाय? आमच्यात पण हेच. पोरगी बघून होते, साखरपुड्याचे लाडू वळून होतात, आणि मग चुलत्याकडं येतात, 'चाचा, ठरवू का?' तो काय नाय म्हणायला असतो? पण नाय इचारलं तर बघा कसा जेवणावरनं उठून जातो! तुम्ही चुलते. इचारलं ना? संपलं. तुमचा मान तुम्हाला पोचला."

"पण सल्ला?"

"सल्ल्याचं काय घेऊन बसलात!"

युनुसभाईंच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं होतं आणि ते उतरल्याचं त्यांना वाईटही वाटत होतं, असं मला वाटलं. इतके महिने अपराधी तर अपराधी, पण त्या पोराच्या आयुष्यातला मोठा निर्णय त्यांचा होता. आता तोही नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा करार संपला. जायच्या दिवशी मी आणि हसनचाचा त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेलो. रज्जाकची कामाची पाळी होती, त्याने आधीच मिठी मारून घेतली होती. युनुसभाई म्हणाले की बहिणीचा पुन्हा फोन आला होता. तोमास काठी घेऊन चालायला लागलाय. त्याच्या गावच्या शाळेने त्याला मुलांना खेळ शिकवायला बोलावलंय, आजोबांच्याच शाळेने, आणि त्याने हो कळवूनही टाकलंय. "पण मला तसं अजून माहीत नाही," ते म्हणाले. "मी शिकागोला पोचलो की तो मला त्याबद्दल विचारणार आहे."

हसनचाचांनी त्यांचा हात दाबला. "अल्ला हाफिज, याह्याभाई," म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी त्या नावाने हाक मारली आणि ते अडखळले नाहीत.

टॅक्सी सुरू झाली. थोडी पुढे जाऊन थांबली, काच खाली झाली आणि त्यांचं लांब, उन्हाने लाल झालेलं डोकं बाहेर आलं. मला वाटलं, काहीतरी विसरलं.

"मोर, मी काय करणार आहे माहितेय?" ते ओरडले. "त्याने विचारलं की लगेच 'हो' म्हणणार नाही. एक दिवस विचार करतो म्हणणार."